रेषा, वस्त्र आणि वेशकला : भानू अथय्या यांच्या कामाच्या संदर्भात फॅशन डिझाइनचे शिक्षण

दिल्ली येथे १९८६ साली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात फॅशन डिझाइन व वस्त्रविद्येचे अभ्यासक्रम महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचले. अशा अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत ‘सर्जनशील करिअर’ हे शब्द हमखास आढळतात. ही सर्जनशीलता नेमकी कोणत्या अभ्यासातून घडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या दृष्टीने भानू अथय्या यांचे काम तपासण्याजोगे आहे.

१९२९ साली कोल्हापुरात चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या घरी जन्मलेल्या अथय्या यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले, ते चित्रकलेचे. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. ‘ईव्ह्‌ज वीकली’साठी फॅशनची रेखाटने करीत असताना त्या प्रत्यक्ष कपड्यांकडे आणि ‘सी. आय. डी.’ (१९५६) या चित्रपटापासून पडद्याकडे वळल्या. म्हणजे शिवणयंत्राच्या आधी रेषा आली. हा क्रम योगायोगाचा म्हणून सोडून देता येत नाही.

‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटात त्याचा प्रत्यय येतो. वैजयंतीमाला यांच्या वेशभूषेमागे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास आहे. इतिहासाच्या काटेकोर निकषावर येथे आक्षेप घेता येईल. कारण आम्रपाली बुद्धकालीन, तर अजिंठ्यातील बहुतांश चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. मध्ये सुमारे हजार वर्षे आहेत. तथापि अथय्या यांनी भिंतीवरून नक्षी उचलली नाही. अंगावर कापड कसे बसते, कमरेशी गाठ कोठे येते, दागिना कोठे थांबतो आणि उघडे शरीर कोठे सुरू होते, हे त्यांनी पाहिले. नर्तकी हलते तेव्हा वेश तिच्याबरोबर हलतो. हे पाहणे मानवाकृतीच्या दीर्घ रेखाटन-सरावातून येते. पुढे ‘अजिंठा शैली’ हा पौराणिक चित्रपटांचा ठोकळेबाज साचा झाला, तो हा सराव नसताना केवळ बाह्यरूपाची नक्कल झाल्यामुळे.

‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात प्रश्न वेगळा होता. बॅरिस्टरच्या सुटापासून १९२१ साली मदुराईत स्वीकारलेल्या पंचापर्यंतचा प्रवास हे एक वस्त्रचरित्रच आहे. तेथे सजावटीला वाव नाही. सुताचा जाडेपणा, धुऊन आलेला मऊपणा, जुनेपणा यांतूनच व्यक्तिरेखा बोलते. जॉन मोलो यांच्यासमवेत अथय्या यांना या कामासाठी १९८३ साली ऑस्कर मिळाले आणि तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. झगमगाट टाळणाऱ्या कामासाठी हा सन्मान मिळाला, ही बाब फॅशनच्या वर्गात पुरेशी सांगितली जात नाही.

एका असामान्य कलावतीवरून अभ्यासक्रम ठरवू नये, असा आक्षेप येथे संभवतो आणि तो वाजवी आहे. बहुसंख्य पदवीधर तयार कपड्यांच्या उद्योगात पॅटर्न तयार करणे, गुणवत्ता तपासणे, मागणीचा पाठपुरावा करणे अशी कामे करतात. ती कामे प्रतिष्ठेची आहेत. त्यांसाठी मापाची शिस्त आणि संगणकीय कौशल्य लागतेच. परंतु मग माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहावे. कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या पालकाला सर्जनशीलतेचे आश्वासन द्यायचे आणि मुलीला मुक्तहस्त रेखाटनाच्या मोजक्या तासिकांनंतर सॉफ्टवेअरमधील तयार आकृत्यांवर रंग भरायला बसवायचे, यात प्रामाणिकपणा नाही.

वस्त्राच्या बाबतीत तर ही उणीव अधिक खटकते. इचलकरंजीचे यंत्रमाग, सोलापूरच्या चादरी, येवला व पैठण येथील हातमाग एवढी संपदा महाराष्ट्रात असताना कापडाचा अभ्यास अनेकदा नमुनावहीत चिकटवलेल्या चौकोनी तुकड्यांवर उरकला जातो. पारंपरिक पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ सुलट्याइतकाच स्वच्छ दिसतो. कारण नक्षीचा आणि जमिनीचा बाणा एकमेकांत अडकवून विणला जातो, मागे मोकळे धागे लोंबत राहत नाहीत. परीक्षेत हे वाक्य लिहिता येणारी विद्यार्थिनी पुष्कळदा आढळते. येवल्याच्या मागाजवळ बसून तो अडकवलेला धागा बोटाने चाचपून पाहिलेली विद्यार्थिनी विरळा.