स्वभाव आणि संकेत : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या निमित्ताने

मराठी नाट्यसमीक्षेत व्यक्तिरेखांचा विचार बहुधा स्वभावविशेषांच्या अंगाने केला जातो. एखादे पात्र भित्रे असल्यामुळे रूढीला शरण जाते, दुसरे मानी असल्यामुळे ती मोडते, अशी कार्यकारणाची साखळी त्यात गृहीत असते. समाजसंकेतांचे पालन अथवा उल्लंघन व्यक्तीच्या मनोघडणीतून उद्भवते, असे या गृहीतकाचे स्वरूप सांगता येईल. विजय तेंडुलकर यांच्या १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या आधारे ते तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लीला बेणारेला ‘बंडखोर’ ठरविणारे वाचन याच गृहीतकावर उभे आहे.

मानसशास्त्रातही या गृहीतकाला आधार सापडतो. अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अधिकारवादी व्यक्तिमत्त्वाची संकल्पना मांडली. सत्तेपुढे नमणे, संकेतांना चिकटून राहणे आणि ते मोडणाऱ्याला शासन करण्याची ओढ असणे, ही त्यांनी एकाच मनोरचनेची अंगे मानली. पुढे रूढ झालेल्या पंचघटक प्रतिमानात कर्तव्यदक्षता व सौजन्य हे गुण नियमपालनाशी जोडले जातात. मात्र वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये या विचारसरणीवर मूलभूत आक्षेप घेतला. स्वभावगुणांवरून विशिष्ट प्रसंगातील वर्तनाचे भाकीत फारसे करता येत नाही, प्रसंगाची घडण लक्षात घ्यावीच लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेंडुलकरांचे नाटक या वादात कोणाची बाजू घेण्यासाठी लिहिलेले नाही. परंतु त्याची रचना या प्रश्नावर प्रकाश टाकते.

बेणारे शिक्षिका आहे. वेळेवर शाळेत पोहोचणे, काम चोख करणे, याचा तिला अभिमान आहे आणि पहिल्या अंकात ती तो मोकळेपणाने बोलून दाखविते. कर्तव्यदक्षतेच्या कसोटीवर संस्थेतील दुसरे कोणीही तिच्या जवळपास येत नाही. शिवाय तिने विवाहसंस्था नाकारलेली नाही. कोवळ्या वयात मामाशी लग्न करण्याचा तिने हट्ट धरला होता; प्रा. दामल्यांपासून दिवस गेल्यानंतर मुलाला बाप मिळावा म्हणून तिने पोंक्षे आणि रोकडे यांनाही विचारून पाहिले. ज्या संकेताच्या भंगाचा आरोप तिच्यावर येतो, त्याच संकेताच्या आत येण्याची तिची धडपड आहे. तिला आत घेण्याचे पुरुषांनी नाकारले आणि त्या नकाराची जबाबदारी तिच्या स्वभावावर टाकली गेली. तिला बंडखोर म्हणणारा समीक्षक, सहानुभूतीने का होईना, नेमके हेच करतो.

आता न्याय देणाऱ्यांकडे पाहू. सुखात्मे पक्षकार नसलेले वकील, पोंक्षे इंटर सायन्सला अडखळलेले, काशीकर दांपत्य अपत्यहीन. अभिरूप न्यायालय सुरू होण्यापूर्वी ही माणसे एकमेकांना टोमणे मारण्यात दंग असतात. नीतीचा कैवार घेण्याइतकी गंभीर वृत्ती त्यांच्यापैकी कोणातही दिसत नाही. न्यायालयाची चौकट मिळताच ती एकमुखी होतात. या दृष्टीने मिसेस काशीकरांची व्यक्तिरेखा विशेष लक्षणीय आहे. पतीकडून पदोपदी गप्प केली जाणारी ही स्त्री बेणारेविरुद्ध बोलताना आवेशाने उभी राहते. एरवी बुजरा असणारा रोकडेही साक्षीदार म्हणून जखमी करणारे बोलतो. दोघांचे स्वभाव बदललेले नाहीत. त्यांना दुसऱ्यावर बोट रोखण्याची जागा मिळाली आहे. संकेतांचे रक्षण हा येथे उणेपणा भरून काढण्याचा मार्ग ठरतो.

सामंताचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. तो सौजन्याचा पुतळा आहे. मंडळींचा खेळ रंगावा एवढ्याच भाबड्या इच्छेने तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष देतो आणि ती कल्पित साक्ष खऱ्या घटनेवर जाऊन आदळते. अखेरीस निश्चेष्ट पडलेल्या बेणारेजवळ कापडी पोपट ठेवणाराही तोच. म्हणजे एकच गुण आधी आरोपाच्या कामी येतो आणि नंतर करुणेच्या. सौजन्य कोणत्या बाजूला झुकेल, हे केवळ त्या गुणावरून सांगता येत नाही.

स्वभावाला यात काहीच स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. बेणारेची थट्टेखोर वृत्ती नसती तर इतरांचा डंख इतका तीव्र झाला नसता. स्वभाव संघर्षाचा सूर ठरवितो. आरोपी कोण आणि न्यायाधीश कोण, हे मात्र संकेतव्यवस्था ठरविते. दामले त्या संबंधात तितकेच सहभागी असून केवळ अनुपस्थित साक्षीदार राहतात, याचे स्पष्टीकरण कोणत्याही स्वभावचित्रणातून मिळणार नाही. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला गर्भ नष्ट करण्याच्या शिक्षेने संपतो, ही विसंगतीही व्यवस्थेची आहे.

आपल्या वर्गांतून आणि प्रश्नपत्रिकांतून ‘बेणारेचे स्वभावचित्र रेखाटा’ असे विचारले जाते. हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. परंतु काशीकरांच्या न्यायालयातही विचारला जाणारा प्रश्न तोच असतो. चर्चेचा आरंभ तिच्या स्वभावापासून न करता तिला आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी आणि कशासाठी उभे केले येथून केला, तर वाचक त्या न्यायासनावरून खाली उतरू शकेल.