चटणी, करी आणि कल्याणजी-आनंदजी

१९९० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या मोटेल रेकॉर्ड्स या कंपनीने ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाचा एक संग्रह काढला. सत्तरीतल्या हिंदी मारधाडपटांना कल्याणजी-आनंदजींनी दिलेल्या संगीताचे तुकडे त्यात एकत्र केले आहेत. डॅन द ऑटोमेटर या अमेरिकन निर्मात्याने ते नव्याने जुळवले आणि डीजे शॅडो याने त्यांना ड्रमची जोड दिली. २००१ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. परदेशात त्याचे कौतुक झाले. आपल्याकडे कुणी त्याची गंभीर दखल घेतल्याचे आमच्या वाचनात नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

संगीताबद्दल आधी बोलू. ते उत्तम आहे. पाठलाग, तस्करांचा अड्डा, रात्रीची मोटार, अशा प्रसंगांना वाजलेले हे सूर चित्रपट पाहताना आपण ऐकतो, पण लक्ष असते ते अमिताभच्या ठोशाकडे. आपल्या रेकॉर्ड कंपन्या गाणी विकत; पार्श्वसंगीत बहुधा रिळातच राहून जाई. मुकुटबनसारख्या गावात तर चित्रपटाचे संगीत म्हणजे लग्नाच्या मांडवातला लाऊडस्पीकर, आणि लाऊडस्पीकरवर गाणीच वाजणार. या संग्रहामुळे मधले संगीत प्रथमच सुटे, स्वच्छ ऐकू येते. ट्रम्पेट कुठे थांबतो, गिटार कुठून घुसते, सतार मध्येच कशी डोकावते, हे कानाला कळते. एवढे श्रेय त्या अमेरिकन निर्मात्याला दिलेच पाहिजे.

आमचा आक्षेप नावांना आहे. धुनांची शीर्षके पाहा: ‘द गुड, द बॅड अँड द चटणी’, ‘फिस्ट्स ऑफ करी’, ‘गँजेस अ गो-गो’. ‘बॉम्बे ४०५ माइल्स’ आणि ‘प्रोफेसर प्यारेलाल’ अशी खऱ्या चित्रपटांची काही नावे वाचली. बाकीच्या बहुतेक धुनांचा मूळ प्रसंग, मूळ चित्रपट त्या नावांवरून कळत नाही. कुणी म्हणेल, थट्टा आहे, मनावर काय घ्यायचे? थट्टेला आमची ना नाही. पण यमनला कुणी ‘करी’ म्हणणार नाही, आणि बीथोवेनच्या सिंफनीला ‘बटाटा’ म्हणणार नाही. मान द्यायचा नसेल तिथेच अशी नावे सुचतात. मराठी लिहिणाऱ्या मुसलमानाला हा अनुभव नवा नाही. त्याच्या कथेत लोक आधी बिर्याणी आणि बुरखा शोधतात, कथा नंतर वाचतात.

यंत्राला मात्र आम्ही दोष देणार नाही. विजेच्या वाद्याने संगीताचा आत्मा गेला, असे आपल्याकडचे जाणते लोक अजून म्हणतात. त्यांना ‘नागिन’ आठवत नाही का? १९५४ चा तो चित्रपट, संगीतकार हेमंतकुमार. त्यातली बीन ही बीन नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या फ्रान्समध्ये जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली; सोबत हार्मोनियमवर रवी होते. एका वेळी एकच स्वर देणारे ते छोटे यंत्र, पण त्यावर गिरगावात वाढलेल्या या कच्छी तरुणाने अशी बीन काढली की आजही वरातीत तिची धून वाजली की कुणीतरी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतोच! यंत्र परके होते, कान आपला होता. पुढे केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत आणला. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या यंत्रांवर डिस्कोच्या तालात दहा राग वाजवले. तिथे भैरवीचे नाव भैरवीच राहिले, मालकंसचे मालकंस. तो अल्बम तेव्हा फारसा कुणी ऐकला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले.

आणखी एक उदाहरण याच जोडीचे. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या गटाने आपल्या एका गाण्यात ‘डॉन’ (१९७८) आणि ‘अपराध’ (१९७२) मधल्या चाली घेतल्या. त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले आणि रचनाकारांत कल्याणजी-आनंदजींचे नाव लागले. म्हणजे तुकडा उचलूनही इन्साफ करता येतो. कल्याणजी मात्र २००० मध्येच गेले होते.

पण सगळा राग अमेरिकेवर काढून आपण मोकळे होऊ नये. त्या ड्रमवर कोण होते, ट्रम्पेट कुणाचा, सारंगीवर कोणते खाँसाहेब, हे आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तरी कुठे असे? संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरात, फार तर सहायकांचे त्याखाली. पन्नास-साठ वादकांचा ताफा दिवसभर वाजवून, पैसे घेऊन घरी जाई. परक्याने चटणी म्हणण्याच्या कितीतरी आधी आपण त्यांना बिननावाचे करून ठेवले होते.

१९७३ मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर लेखकांचे नाव नव्हते. सलीम-जावेद यांनी रंगारी पाठवून मुंबईभरच्या पोस्टरांवर ते रंगवून घेतले. त्याच ‘जंजीर’चे संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते. त्यात वाजवणाऱ्यांसाठी रंगाचा डबा घेऊन कुणी निघाले नाही.