करंगळी आणि भूकंप

अ‍ॅडम स्मिथचं करंगळीचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. भूकंपात सगळा चीन गडप झाला, तरी युरोपातला सज्जन गृहस्थ थोडा हळहळेल आणि रात्री घोरत पडेल. उद्या आपली करंगळी जाणार म्हटलं, तर मात्र डोळ्याला डोळा लागणार नाही.

बहुतेक जण इथंच पुस्तक मिटतात: माणूस असाच! हे वाचन अर्धवट आहे. स्मिथ लगेच विचारतो, करंगळीसाठी हा गृहस्थ त्या कोट्यवधींचा बळी देईल का? नाही देणार. त्याला अडवते ती करुणा नव्हे, एवढ्या अंतरावर ती क्षीणच असते. अडवतो आतला तटस्थ साक्षी. (सांख्यांचा नव्हे हं, तो निवाडा करत नाही.)

माझी तक्रार पुढची आहे. हा साक्षी वाईट करताना हात धरतो. या उदाहरणात तरी तो द्यायला हात पुढे करत नाही. पूर्व बंगालचे निर्वासित उपाशी असताना पीटर सिंगरने १९७२ च्या निबंधात बजावलं, की अंतर ही सबबच नव्हे. तर्क बिनतोड. पण मन हललं नसताना हात कसा हलावा, हे तिथंही सापडत नाही.

किल्लारी हादरली ती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३० सप्टेंबर १९९३. हे सगळं मी तेव्हा वर्गात शिकवत होतो. पैसे पाठवले ते वर्तमानपत्रातले फोटो पाहिल्यावर.