कवी टिळक आणि लक्ष्मीबाईंची भाषा

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. १८६८ साली या गावात गोखल्यांच्या घरी मनकर्णिका नावाची मुलगी जन्मली. १८८० साली नारायण वामन टिळक या तरुणाशी तिचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. नवरा पुढे मोठा कवी झाला. आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिले, ज्याला तोड असलेले आत्मचरित्र मराठीत शोधावे लागते.

आमच्या या वार्षिकात टिळक पती-पत्नींवर लेख कशासाठी, असे कुणी विचारील. आम्ही नाशिकचे, हे एक कारण. दुसरे कारण असे की आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलींना शिकवतो आणि या जोडप्याने आमच्यासमोर एक प्रश्न उभा केला आहे. एखाद्या कवीचा लिहिणाऱ्या बाईवर प्रभाव पडतो म्हणजे नेमके काय होते? ती त्याच्यासारखी लिहू लागते की स्वतःसारखी?

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. त्यांचे शिक्षण नाशिकात झाले. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, जुनी संस्कृत विद्या आणि नवी इंग्रजी कविता या दोन्हींच्या सहवासात जी पिढी वाढली, त्या पिढीचे ते कवी. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांतून मराठी कविता बाहेर पडत होती. टिळकांनी तिला फुले दाखवली, मुले दाखवली, घर दाखवले. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे ते ‘ज्ञानोदय’चे संपादक झाले. बालकवींसारखा कोवळा कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. अशा माणसाच्या घरात राहून बायको लिहू लागली, यात नवल काय, असे सहज म्हटले जाते. ‘टिळकांनी लक्ष्मीबाईंना घडवले’ हे वाक्य आपण सारेच ऐकत आलो आहोत.

हे वाक्य अर्धे खरे आहे. बायकोने वाचावे, लिहावे, असे टिळकांना मनापासून वाटत असे आणि अक्षरओळखीची वाट त्यांनीच दाखवली. पण लक्ष्मीबाईंची सुरुवातीची कविता कधी आली, हे पाहिले पाहिजे. टिळकांनी धर्मांतर केले तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाई मूल घेऊन पंढरपुरात, नातलगांच्या आधाराने आणि लोकांच्या बोलण्याखाली दिवस काढीत होत्या. त्या दिवसांत त्यांची कविता आली. कवी घरात असताना ती आली नाही, कवी सोडून गेल्यावर आली. शिकवणाऱ्याचे श्रेय मोजताना हा हिशेब आपण करीत नाही.

पुढे दोघे पुन्हा एकत्र आले. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म घेतला, पण तो नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. जातीपातीचा आणि शिवाशिवीचा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी सोडवला, आणि तो सुटल्यावरच पाऊल उचलले. ज्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते, घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून ज्यांना चैन पडत नसे, त्या बापाची ही लेक. तिला तेवढा वेळ लागायचाच. टिळकांचे मोठेपण असे की तो वेळ त्यांनी तिला घेऊ दिला.

आता त्यांच्या दोन ग्रंथांकडे पाहू. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूचरित्र ओवीत लिहायला घेतले होते. दहाएक अध्याय झाले आणि १९१९ साली ते वारले. लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. शाळा न पाहिलेल्या बाईने एवढे मोठे काम अंगावर घ्यावे, याला हिंमत लागते, आणि त्या हिमतीला आमचा सलाम आहे. पण त्यात वाट टिळकांची आहे. विषय त्यांचा, छंद त्यांचा, योजना त्यांची. नवऱ्याचे अर्धे राहिलेले काम पुरे करणारी पत्नी तिथे आपल्याला भेटते.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट निराळी आहे. तिथेही निमित्त टिळकांचेच होते. मुलाला, देवदत्ताला, वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. आई आठवणी सांगू लागली आणि चरित्र बाजूला राहिले. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून त्या आठवणी वाचकांपुढे आल्या. १९३४ पासून पुस्तकाचे भाग निघू लागले. १९३६ साली नाशिकातच लक्ष्मीबाईंचे निधन झाले, तेव्हा शेवटचा भाग अपुराच होता.

या पुस्तकात टिळकांची संस्कृतप्रचुर, घोटीव भाषा औषधालाही नाही. वाक्ये लहान आहेत. ओसरीवर बसून बाया बोलतात तशी ती एकामागून एक येतात. दुःख सांगताना आवाज चढत नाही. हसू मात्र भलत्याच ठिकाणी फुटते. विक्षिप्त वडील, रागीट नवरा, पैसा हाती आला की कुणालाही देऊन मोकळा होणारा कवी, मध्येच कुठे तरी निघून जाणारा गृहस्थ, असे सारे त्यात आहे. जग ज्यांना रेव्हरंड म्हणून मान देत होते त्यांच्या रागाचे आणि फजितीचे किस्से ती सांगते, पण एकाही किश्शात कडवटपणा नाही. टिळक मोठे आहेत हे ती नाकारीत नाही. त्या मोठ्या माणसाबरोबर संसार कसा करावा लागतो, एवढेच सांगते. ‘ख्रिस्तायन’ आज अभ्यासकांच्या कपाटात आहे. ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत वाचले जाते. जिथे ती त्यांच्या मागून गेली तिथे आपण तिचा आदर करतो. जिथे ती आपल्या घरच्या बोलीत बोलली तिथे आपण तिचे ऐकत राहतो.

मग टिळकांचा प्रभाव कुठला? आमच्या मते तो शैलीत शोधू नये. टिळकांनी तिला अक्षर दिले. माणसांनी भरलेले घर दिले. भांडायची मुभा दिली आणि भांडणात हार मानायची सवयही ठेवली. तिने लिहिलेले वाचून त्यांना आनंद झाला आणि तो त्यांनी लपवला नाही. लिहिणाऱ्या बाईला याहून अधिक काही नवऱ्याकडून लागत नाही. बाकीचे तिच्याजवळ असतेच.

उर्दू वाचणाऱ्यांना इथे मौलाना अल्ताफ हुसेन हाली आठवतील. टिळकांपेक्षा ते एका पिढीने मोठे, पण काळ तोच. ‘मजालिस-उन-निसा’, ‘मुनाजात-ए-बेवा’ आणि १९०५ ची ‘चुप की दाद’ लिहून हालींनी घरातल्या बाईच्या वाट्याला आलेल्या गप्प राहण्याची कदर केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. तरीही ती दाद पुरुषाने दिलेली होती. गप्प बसलेली बाई स्वतः बोलली की काय होते, ते पाहायला लाहोरकडे वळावे लागते. १८९८ साली सय्यद मुमताज अली यांनी ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे साप्ताहिक सुरू केले आणि संपादकाची खुर्ची पत्नी मुहम्मदी बेगम यांना दिली. पडद्यातल्या बाया तिथे लिहू लागल्या. दिलेल्या दादेपेक्षा दिलेली खुर्ची अधिक उपयोगी पडली.

आपल्या मराठीतही हा धागा पुढे आला आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ १९९५ साली आले. घरची भाषा उर्दू, पुस्तक मराठी. हमीद दलवाई यांच्या मतांवर आपल्यात आजही वाद आहेत. तो वाद क्षणभर बाजूला ठेवून हे पुस्तक वाचावे, कारण त्यातील आवाज हमीदभाईंचा नाही, मेहरुन्निसांचा आहे. त्याआधी १९८४ साली मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आले. शाहीर अमर शेख यांची मुलगी, कवी नामदेव ढसाळ यांची पत्नी आणि स्वतः कवयित्री. लक्ष्मीबाईंनी जे हसत सांगितले ते मलिकाताईंनी जळजळीत शब्दांत सांगितले. सूर अगदी वेगळे, पण दोघींनीही सांगण्यासाठी नवऱ्याची भाषा उसनी घेतली नाही.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला ‘माझी आई’ हा मराठी निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले होते, “अम्मी बेदाणे निवडायला जाते. तिच्या बोटाला गोड चिकटते. रात्री ती माझ्या डोक्यावर हात फिरवत नाही, केस चिकटतील म्हणते.” आम्ही लाल पेन घेतले. ‘अम्मी’ खोडून ‘आई’ केले. खालची दोन वाक्ये विषयाला सोडून आहेत असा शेरा मारला आणि आई म्हणजे मायेचा सागर, असे एक वाक्य समासात लिहून दिले. बी.एड्.च्या वर्षी चुका दुरुस्त करायला शिकलो होतो, त्याप्रमाणे वही तपासली. पुढच्या निबंधात मुलीने सागर लिहिला, निर्झर लिहिला, चूक एकही केली नाही. तिला आम्ही चांगले गुण दिले. अम्मीच्या बोटांविषयी तिने पुन्हा काही लिहिले नाही.

‘स्मृतिचित्रे’ आम्ही त्यानंतर नीट वाचले आणि ती वही आठवून मान खाली गेली. टिळकांच्या हातात लाल पेन असते आणि बायकोच्या प्रत्येक वाक्यावर ते फिरले असते, तर लक्ष्मीबाईंनीही निर्झरच लिहिले असते. चार ओळींची सुबक कविता झाली असती आणि मराठी एका पुस्तकाला मुकली असती.

आमच्या मुली घरी एक भाषा बोलतात, शाळेत उर्दू लिहितात आणि तिसऱ्या तासाला मराठी. तिन्ही ठिकाणी त्यांना हेच ऐकू येते की तुझे बोलणे अशुद्ध आहे. शुद्धलेखन शिकवलेच पाहिजे. त्यावाचून परीक्षा नाही, नोकरी नाही. पण शुद्ध करताना आपण काय पुसून टाकतो आहोत, हे शिकवणाऱ्याने एकदा पाहून घ्यावे. आता आम्ही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो. ‘अम्मी’ खोडत नाही.

ती मुलगी केव्हाच शाळा सोडून गेली. तिचे लग्न झाल्याचे कळले. ती कुठे भेटली तर विचारायचे आहे, की बाई, पुढे काय लिहिणार होतीस?