संशोधनासाठी डेस्कटॉप घेताय? कोटेशन आधी पेपरसारखं वाचा

पीएच.डी.ची नोंदणी झाली, फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यावर आला, की बहुतेकांच्या मनात कम्प्युटर येतो. लॅपटॉप जुना झालेला असतो, मान दुखत असते, आणि 'आता एक दणकट डेस्कटॉप असेंबल करून घेऊ' असं ठरतं. दुकानातून एकपानी कोटेशन येतं. दुकान फलटणचं असो, बारामतीचं असो की पुण्याच्या तपकीर गल्लीतलं, कागदाचा साचा साधारण एकच: वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट 'एसएमपीएससह', मॉनिटर, शेवटी 'कीबोर्ड-माउस कॉम्बो', आणि तळाला १८ टक्के जीएसटी.

आज या कागदाचीच समीक्षा करू. शोधनिबंध वाचताना आपण जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारायचे. दावा काय आहे? मोजलंय काय? आणि कागद कशाबद्दल गप्प आहे?

माझं मत आधीच सांगून टाकते. हा कागद गेम खेळणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. आकड्यात मिरवता येतं त्यावर त्यात सगळ्यात जास्त पैसे लागतात. संशोधकाचे डोळे, कान, बोटं आणि डेटा ज्या वस्तूंवर अवलंबून असतात त्या शेवटच्या दोन ओळींत उरकलेल्या असतात, नाहीतर नसतातच.

पैशाचा हिशोब लक्षात ठेवा. यूजीसीच्या जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी आकस्मिक खर्चाचे पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० मिळतात. त्यातून खोलीभाडं, मेस, क्षेत्रकार्याचा प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे. हप्ता लांबला तर काय होतं, ते कुठल्याही विद्यापीठाच्या वसतिगृहात विचारा. कम्प्युटर चुकीचा निघाला तर पाच वर्षं तोच वापरावा लागतो.

बेंचमार्क विश्वसनीय आहे, पण वैध आहे का?

संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये 'विश्वसनीयता' आणि 'वैधता' असे दोन शब्द येतात. नेटसाठी आपण ते पाठ करतो. इथे ते वापरून बघा.

सिनेबेंच नावाचा बेंचमार्क प्रसिद्ध आहे. तो त्रिमितीय दृश्य रेंडर करायला लावतो आणि प्रोसेसरला गुण देतो. दहा वेळा चालवा, जवळपास तोच आकडा येईल. म्हणजे मोजमाप विश्वसनीय आहे. पण तुम्ही त्रिमितीय दृश्यं रेंडर करणार आहात का? नसाल, तर तुमच्या कामापुरतं ते वैध नाही. वजनकाटा कितीही अचूक असला तरी त्यावर उंची मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडली. कामाचा एखादाच भाग वेगवान केला, तर एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापुरताच मर्यादित राहतो. सोपं उदाहरण घ्या. तुम्ही दिवसाला दहा तास काम करता आणि त्यात मशीनची वाट बघण्यात अर्धा तास जातो. दुप्पट वेगाचं मशीन आणलं तर वाचतात पंधरा मिनिटं. दहा तासांचं काम पावणेदहा तासांवर येतं. उरलेल्या साडेनऊ तासांत मशीन तुमची वाट बघत असतं. त्या तासांसाठी कोटेशनमध्ये काय आहे, हा खरा प्रश्न.

फलटणमधली दोन कामं

हवेत बोलण्यापेक्षा गावातलीच उदाहरणं घेऊ. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि फलटणकरच झाल्या. त्यांनी पेनसिल्वेनिया विद्यापीठात १९७३ साली पीएच.डी.चा प्रबंध सादर केला, तो फलटणच्या बोलीवर. एकाच गावातली माणसं वेगवेगळं कसं बोलतात, त्यात सामाजिक भेद कसे दिसतात, असा तो विषय.

समजा, तसाच अभ्यास तुम्हाला आज करायचाय. साठ माणसं, प्रत्येकी एक तास बोलणं. सीडीच्या दर्जाचं, एका चॅनेलचं ध्वनिमुद्रण तासाला साधारण ३१८ एमबी जागा घेतं. साठ तासांचे झाले १९ जीबी. तुमच्या प्रबंधाचा सगळा कच्चा माल ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावला! आवाजाचं विश्लेषण करणारं 'प्रात' आणि मुद्रण ऐकत टिपणं जोडणारं 'एलान' ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि साध्या मशीनवरही चालतात.

वेळ लागतो तो लिहून काढायला. एका तासाच्या मुद्रणाला पाच तास धरले, तरी तीनशे तास झाले. या तीनशे तासांत तुमच्या कानाला ऐकायचंय की समोरचा माणूस 'पाणी' म्हणाला की 'पानी'. तोच तर तुमचा डेटा आहे. म्हणून पहिले पैसे चांगल्या वायरच्या, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर जायला हवेत. बास वाढवून दिलेला गेमिंग हेडसेट नको. त्याच्या घुमण्यात नेमके व्यंजनांचे बारीक फरक दबतात.

आणि बोटांचं काय? इथे एक धोका आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रोमन अक्षरांत टाइप करून मराठी शब्द सुचवणारी साधनं शब्दकोशातला नेहमीचा शब्द पुढे करतात. तुम्ही बोलणाऱ्याचा 'पानी' लिहायला जाता, स्पेसबार दाबता, आणि पडद्यावर 'पाणी' उमटतं. घाईत लक्ष गेलं नाही, तर बोलणाऱ्याची बोली प्रमाण मराठी होऊन फाइलमध्ये जाते. नंतर तक्ता काढला की निष्कर्ष निघतो, 'या गटात ण-न भेद फारसा आढळला नाही'! टायपिंगच्या साधनाने संशोधनाचा निष्कर्ष बदलला, आणि हे कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

यावरचा उपाय फुकट आहे. इनस्क्रिप्ट हा कळफलक आराखडा भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवला. विंडोज आणि लिनक्समध्ये तो आधीपासून असतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. जी कळ दाबाल तेच अक्षर उमटतं, मधे कोणी सुचवत बसत नाही. दोन-तीन आठवडे हात अडखळतो, मग बसतो. कळांवर अक्षरं नसतील तर स्टिकर मिळतात.

आता दुसरं काम. १९६८ साली सुरू झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', फलटणचीच. बंगालच्या गरोळ मेंढीतला, जास्त पिल्लं होण्याशी संबंधित जनुक दख्खनी मेंढीत आणून तिथे 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. समजा, तुम्हाला अशा कळपावर काम करायचंय. पाच हजार मेंढ्या आणि प्रत्येकीच्या पन्नास नोंदी: वजन, आई-बाप, पिल्लं, तारखा. प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरले तर पूर्ण तक्ता २ एमबीचा. दहा वर्षांपूर्वीचं मशीनही तो सहज हाताळेल.

पण प्रश्न बदलला आणि मेंढीचा पूर्ण जीनोम वाचायचा ठरलं तर? मेंढीच्या जीनोममध्ये सुमारे २६० कोटी अक्षरं असतात. प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा वाचायचं, म्हणजे एकाच मेंढीची ७,८०० कोटी अक्षरं. इथे रॅम हवी, कोअर हवेत, मोठी डिस्क हवी, आणि खरं तर विद्यापीठाचा सर्व्हर हवा. मेंढ्या त्याच, प्रश्न बदलला की मशीन बदललं. म्हणून 'पीएच.डी.साठी कुठलं मशीन चांगलं?' या प्रश्नाला उत्तर नाही. आधी तुमचा संशोधन प्रश्न सांगा.

कागद कुठे गप्प बसतो

*रॅम.* '१६ जीबी' लिहिलेलं असतं, पण १६ची एक पट्टी की ८च्या दोन, ते नसतं. दोन पट्ट्या असल्या की मेमरीचे दोन मार्ग एकदम चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक जास्त जाणवतो. शिवाय ३२०० वेगाची म्हणून विकलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत बऱ्याचदा २६६६ किंवा त्याहूनही कमी वेगाने चालते. टास्क मॅनेजर उघडा, मेमरीच्या पानावर वेग आणि वापरलेले स्लॉट दोन्ही दिसतात. 'आर' वापरणाऱ्यांनी हे जरूर बघा, कारण 'आर' डेटा रॅममध्येच धरून ठेवतं.

*मॉनिटर.* 'सत्तावीस इंची फुल एचडी' ऐकायला भारी वाटतं. पण चोवीस इंची फुल एचडीवर इंचाला ९२ ठिपके येतात, सत्तावीस इंचीवर ८२. इंग्रजी अक्षराला ते कदाचित चालेल. देवनागरीत वर रफार-अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर, सगळं एकाच ओळीत बसायचं असतं. ठिपके कमी पडले की 'र्कि' आणि 'कि' यांतला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो. सत्तावीस इंचीच हवा असेल तर १४४० रिझोल्यूशनचा घ्या (तिथे १०९ ठिपके येतात), नाहीतर चोवीस इंची आयपीएस पुरेसा.

*कीबोर्ड आणि माउस.* जाहिरात सांगते, कीबोर्डचा पोलिंग रेट १,००० हर्ट्झ. म्हणजे तो कळ दाबल्याची खबर सेकंदाला हजार वेळा देतो. साधा १२५ वेळा, दर ८ मिलिसेकंदांनी. आता गणित करा. मिनिटाला ४० शब्द टाइप करणारा साधारण २०० कळा दाबतो, दोन कळांमध्ये ३०० मिलिसेकंद. त्यात सात मिलिसेकंद वाचवून प्रबंध लवकर पूर्ण होत नाही. माउसचंही तेच. १६,००० डीपीआयवर तो तीन मिलिमीटर हलवला की बाण १,९२० ठिपक्यांचा पडदा ओलांडून जातो. तक्त्यातला एक चौकोन निवडायला हे कशाला? पैसे कळांच्या दर्जावर आणि टेबल-खुर्चीच्या उंचीवर घाला.

*वीज.* 'कॅबिनेट एसएमपीएससह' या ओळीत एसएमपीएसचं नाव लिहून मागा आणि त्यावर ८० प्लसचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. यूपीएस बहुधा कागदावर नसतोच. तो ६०० व्हीएचा घेतला तरी प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट देतो. साध्या डेस्कटॉपला फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. त्याच यूपीएसवर मोठं ग्राफिक्स कार्ड पूर्ण भाराने चालवलं तर तो कमी पडेल. फलटणचा उन्हाळा चाळिशी गाठतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून यूपीएस खिडकीच्या उन्हात किंवा कॅबिनेटच्या गरम झोतासमोर ठेवू नका.

*दुसरी प्रत.* कागदावरची सगळ्यात मोठी गाळलेली जागा. आपल्या उदाहरणातलं १९ जीबी ध्वनिमुद्रण परत मिळणार नाही. त्यातली काही वयस्क माणसं पुढच्या वर्षी बोलायला नसतीलही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. यासाठी लागणारी बाहेरची हार्ड डिस्क कोटेशनमध्ये स्वतः लिहून घ्या.

दुकानदाराची बाजू

दोष सगळा दुकानदाराचा नाही. दहापैकी नऊ गिऱ्हाइकं 'आय-फाइव्ह आहे ना?' एवढंच विचारत असतील तर तो तेच वर लिहिणार. उलट गावातल्या दुकानाचा एक फायदा ऑनलाइन यादीत दिसत नाही: मशीन बंद पडलं तर ते शंभरेक किलोमीटर पुण्याला न्यावं लागत नाही. आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यांनाच वायफळ असं माझं म्हणणं नाही. उपग्रह छायाचित्रं, पिकांवरच्या रोगांची चित्रओळख, भाषेची प्रारूपं शिकवणं, असं काम असेल तर कार्ड हवंच. पण तेव्हाही गेममधल्या फ्रेम मोजू नका, कार्डावरची मेमरी किती ते बघा. प्रारूप त्या मेमरीत मावलं नाही तर बाकीचे आकडे उपयोगाचे नाहीत.

ट्यूनिंग म्हणजे छोटा प्रयोगच

मशीन आल्यावर लोक एका संध्याकाळी दहा सेटिंग बदलतात आणि 'फास्ट झालं' म्हणतात. कशामुळे, ते कुणालाच माहीत नसतं. तुम्ही संशोधक आहात. एका वेळी एकच बदल करा. आधी आणि नंतर तुमचंच काम, तुमचीच फाइल, तीन-तीन वेळा चालवा आणि मधला आकडा वहीत लिहा. खोलीचं तापमानही लिहा, कारण जानेवारीत आणि मे महिन्यात तेच मशीन वेगळं वागू शकतं. एक्सएमपी, मॉनिटरचा खरा रिफ्रेश रेट, क्लिअरटाइप, पंख्यांवरची धूळ, एवढं बघितलं तरी बरंच झालं. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू नका. थोडा वेग मिळेलही, पण रात्रभर चाललेलं विश्लेषण पहाटे कोसळलं तर तो वेग काय कामाचा?

दुकानात जायच्या आधी एक आठवडा वही जवळ ठेवा. मशीनसाठी किती थांबलात, डोळे कधी दुखले, वीज कधी गेली, कुठली फाइल उघडेना, सगळं लिहा. मग कोटेशन मागवा आणि ते खालून वर वाचा. आधी दुसरी प्रत, यूपीएस, हेडफोन, कीबोर्ड, मॉनिटर. मग रॅम आणि एसएसडी. उरलेल्या पैशात बसेल तो प्रोसेसर. ज्या ओळीसमोर वहीतलं एकही कारण लिहिता येत नाही, ती ओळ खोडा.