हॉल कोणासाठी? मानोऱ्याच्या नव्या घरांविषयी

विषय ‘घराची सजावट’ असा जाहीर झाला आहे, म्हणून भिंतीला कोणता रंग द्यावा, पडदे कुठले घ्यावेत, असं काही ऐकायला मिळेल या अपेक्षेनं कोणी आलं असेल तर आधीच सांगून टाकतो, त्यातलं फारसं हाती लागणार नाही. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. घर मात्र बांधून झालं की वास्तुशांत होते, जेवणं होतात, सगळे ‘छान झालं हो’ म्हणतात आणि निघून जातात. त्या ‘छान’कडे जरा नीट बघावं, एवढंच आज करायचं आहे. आणि घर घेणार आहोत ते मानोऱ्यातलं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवर बोलणारे पुष्कळ आहेत.

मानोरा म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशीम वेगळा निघाला, त्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा तालुका. काळी माती, कापूस, सोयाबीन, तूर. आसपास बंजारा तांडे, आणि याच तालुक्यात पोहरादेवी. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला तर कोणी बातमी म्हणून सांगत नाही. अशा गावात आज जुनं माती-दगडाचं, कवेलूचं किंवा टिनाचं घर पाडून स्लॅबचं घर उभं राहतंय. घर बांधणाऱ्याच्या मोबाईलमध्ये चित्रं असतात. पाच वेगवेगळ्या घरांत विचारा, चित्रं जवळजवळ तीच निघतील.

आम्हाला त्या चित्रांबद्दल बोलायचं आहे, कारण मिस्त्रीला नकाशा कोणी दाखवत नाही, चित्र दाखवतात. ‘असं पाहिजे,’ म्हणतात. मग चित्रात काय आहे ते वाचायला हवं. राखाडी सोफा. समोर टीव्हीची भिंत, तिला लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट. वर पीओपीचं फॉल सिलिंग, त्याच्या कडेला लपवलेली पिवळी पट्टी. कोपऱ्यात एक झाड, तेही बहुधा प्लास्टिकचं. आता काय नाही ते बघा. चप्पल नाही, कूलर नाही, पाण्याचा ड्रम नाही, खुंटीवरचा शर्ट नाही. म्हातारं माणूस नाही. माणूसच नाही! त्या खोलीत कोणी राहत नाही, तिचा फोटो काढला जातो. आणि आपण तिला राहण्याची खोली समजून पैसे मोजतो.

सगळ्यात मोठी गोष्ट जी त्या चित्रात नाही ती म्हणजे कापूस.

हसू नका. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू होते. भाव मनासारखा नसतो, मग शेतकरी थांबतो. थांबतो म्हणजे कापूस घरात ठेवतो, दुसरीकडे कुठे ठेवणार? दहा-बारा क्विंटल कापूस मोकळा टाकला तर दहा बाय दहाची खोली साधारण कंबरेच्या वर भरते. सोयाबीनचे कट्टे वेगळे, तूर आली की ती वेगळी. घरात सगळ्यात मोठी मोकळी जागा हॉलची, म्हणून कापूस हॉलमध्ये जातो. ज्या हॉलवर सगळा खर्च केला त्यातच! सोफा ताडपत्री पांघरून भिंतीशी, टीव्ही बंद, पोरं माजघरात. कापूस जास्त दिवस पडून राहिला की घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते. शिवाय सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, पुढे कपात, बारा टक्क्यांच्या वर माल नाकारतात. म्हणजे हॉलच्या पलीकडे न्हाणीची भिंत असेल आणि तिला ओल असेल, तर ती ओल थेट खिशाला लागते. आणि कापसाच्या ढिगाआड स्विचबोर्ड असणं किती धोक्याचं आहे हे सांगायला इंजिनिअर नको.

तर मानोऱ्याच्या शेतकऱ्याचं घर हे वर्षातले तीन-चार महिने गोदाम असतं. गृहसजावटीच्या एकाही अल्बमला हे ठाऊक नाही. ठाऊक नसेना, पण आपल्याला तर आहे ना? मग घर बांधताना ते लाज वाटल्यासारखं लपवायचं कशाला? एक खोली अशी काढा की जिला अंगणातून थेट रुंद दार आहे, म्हणजे गाडी लागली की माल उतरवायला घरभर चालावं लागत नाही. खिडकी उंचावर, जाळीची. स्विचबोर्ड खोलीच्या बाहेर. जमिनीवर साधी कोटा फरशी, तिला झाडलं की झालं. कापूस गेला की होळीच्या सुमाराला खोली रिकामी होते. नेमकी तेव्हाच उन्हाळा लागतो, परीक्षा येतात, लेकी माहेरी येतात. तीच खोली झोपायची, अभ्यासाची, पाहुण्यांची. ऋतूबरोबर काम बदलणारी खोली, ही आमच्या मते या भागातल्या घराची सगळ्यात अस्सल कल्पना ठरेल. तिचा फोटो फार सुंदर येणार नाही, हे मान्य.

आता हवा. विदर्भात कूलर घरातल्या माणसासारखा असतो. मार्चमध्ये उतरवायचा, गवत बदलायचं, रंग मारायचा. पण कूलर कसा चालतो, हे घराचा नकाशा करताना कोणी लक्षात घेत नाही. कोरडी गरम हवा ओल्या गवतातून आत येते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, हवा थंड होते. ती जितकी आत येते तितकी बाहेर जायला हवी. समोरच्या भिंतीला उघडी खिडकी नसेल तर आतली हवा ओली होत जाते, अर्ध्या तासात कूलरचा गारवा संपतो आणि चिकचिक सुरू होते. लोक म्हणतात कूलर खराब आहे. कूलर बरा असतो, खोली खराब असते! चित्रातली खोली ही एसीची खोली आहे, तिला एकच मोठी काच असते आणि बाकी तीन भिंती सजावटीला मोकळ्या. ती नक्कल करताना आपण समोरची खिडकी बुजवून तिथे टीव्ही लावतो.

राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या-उष्ण हवामानासाठी साधा हिशेब दिला आहे, खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश तरी खिडक्या, आणि त्यात दारं धरायची नाहीत. बारा बाय चौदाचा हॉल म्हणजे १६८ चौरस फूट, म्हणजे सुमारे सतरा चौरस फूट खिडकी. चार बाय चारची एक खिडकी केली तरी थोडी कमीच पडते. दोन करा, समोरासमोर करा. त्याच संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, सांगितली आहे. दहा फुटांवर स्लॅब टाकून खाली फूटभर फॉल सिलिंग उतरवलं की आपण बरोबर त्या किमान रेषेवर येऊन बसतो. पंखा डोक्याशी, गरम हवेला वर जायला जागा नाही. पैसे देऊन घर बुटकं करून घेण्याचा हा प्रकार आम्हाला अजून नीटसा समजलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, फॉल सिलिंगनं उष्णता अडते. थोडी अडते. पण उष्णता येते कुठून? स्लॅबमधून. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर आत सोडतं. म्हणून तर रात्री अकरालाही छताला हात लावला तर गरम लागतं. तिथेच इलाज करायचा तर गच्चीवर. २०१० सालच्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसं गेली, त्यानंतर २०१३मध्ये त्या शहरानं उष्णतेशी झुंजायचा आराखडा केला आणि पुढे त्यात वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम आला. तेलंगणानं २०२३मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. त्याच्या मुळाशी काय आहे? पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. चुन्याचे दोन हात, त्यात थोडा फेविकॉल, दर उन्हाळ्याआधी. हॉलच्या पीओपीच्या खर्चात असा चुना कित्येक वर्षं मारता येईल. पण चुना गच्चीवर असतो, पाहुण्याला दिसत नाही.

मातीचं थोडक्यात सांगतो. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्याबरोबर पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुंध्याचे खांब विकसित केले, ते काही कालचं संशोधन नव्हे. निदान काळी माती काढून मुरूम भरणं, घराभोवती पाणी मुरू न देणं, हे तरी हातात आहे. तड्यावर पुट्टी आणि पुट्टीवर टेक्स्चर पेंट, हा इलाज पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा.

इतकं बोलल्यावर ‘मग जुनं घरच बरं होतं’ असं वाटू लागतं. तिकडे आम्हाला जायचं नाही. जाड मातीच्या भिंती गार असत हे खरं, बंगईवर दुपार छान जाई हेही खरं. पण त्या घरातलं स्वयंपाकघर आठवा. धूर, अंधार, एक झरोका. घरातली बाई दिवसाचे सगळ्यात जास्त तास तिथे. आणि ओसरीपर्यंत कोणी यायचं, उंबरा कोणी ओलांडायचा, हे जात ठरवत होती. ज्यांना ओसरीच्या खालीच उभं राहावं लागलं त्यांनी ओसरी गेल्याचं दुःख का करावं? स्लॅबचं घर, टाइल्स, हॉलमधला सोफा यांत पुष्कळांसाठी ‘आता आम्हीही’ असा एक सूर आहे. त्याची टिंगल करणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नाही असंच म्हणावं लागेल.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हॉल नवा झाला, पण स्वयंपाकघर तेच राहिलं. हॉल बारा बाय सोळा, स्वयंपाकघर आठ बाय नऊ, तेही पश्चिमेला, दुपारचं ऊन अंगावर घेणारं. त्यात मॉड्युलर किचन बसवलं, कपाटांची दारं हळू मिटतात, पण वर्षाच्या गव्हाला, ज्वारीला, तुरीच्या डाळीला जागा नाही. मसाल्याच्या बाटल्यांना खेचायची ट्रे आहे आणि डाळीचा ड्रम मागच्या छपरीत उंदरांच्या हवाली. ओट्याची उंची कॅटलॉगमधून येते, जिला उभं राहायचं तिच्याकडून येत नाही. साधी गोष्ट आहे, घरातल्या बाईनं उभं राहून कोपर वाकवावं, त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा. भाकर थापायला त्याहून खालची जागा लागते, म्हणून अनेक घरांत भाकर अजून खाली बसूनच थापतात, आणि चकचकीत ओटा बघत राहतो.

ओसरीचं काय झालं? तिचं पोर्च झालं. तिथे आता मोटारसायकल उभी असते आणि बाहेरून ग्रिल. आजोबांची जागा होती ती. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं, पेपर, अडकित्ता, सगळं तिथे. आता त्यांना हॉलमध्ये बसावं लागतं, आणि पाहुणे आले की ‘बाबा, जरा आत बसता का?’ आत म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही. सोफा इतका खोल की गुडघेदुखीच्या माणसाला बसता येतं, उठता येत नाही. पोर्च चार फूट वाढवून एक दगडी किंवा सिमेंटचा ओटा केला तर यातलं बरंच सुटतं. या वेळी त्यावर कोणीही बसावं.

चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८०च्या दशकात घरं केली. सात-सात घरं एका सामायिक अंगणाभोवती, प्रत्येकाची जागा स्वतंत्र, भिंत शेजाऱ्याशी चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढवावं. पुढे लोकांनी ती इतकी वाढवली की मूळ घरं शोधावी लागतात. काहींना तो प्रयोग फसला असं वाटतं. आम्हाला वाटतं, घर हप्त्याहप्त्यानं वाढतं हे त्यात ओळखलं होतं. मानोऱ्यात गच्चीवर उभ्या राहिलेल्या सळया बघा, त्या तेच सांगतात. पोराचं लग्न ठरलं की वरची खोली. मग सगळी सजावट आजच, कर्ज काढून, एकदम कशाला?

घरकुलाचं तर बोलायलाच नको. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार. मोबाईलमधल्या चित्रातला नुसता हॉल याहून मोठा असतो. या २६९ फुटांत पाच माणसं कशी आरामात राहतील, कुठे मांडणी, कुठे माळा, कुठे झाकलेली ओसरी, यावर डोकं चालवणारा डिझायनर खरा. तो अल्बम अजून निघालेला नाही.

पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, इमारत नंगाऱ्याच्या आकाराची. जरूर बघा. पण येताना वाटेतला एखादा तांडाही बघा. आरसे लावून भरलेलं बंजारा भरतकाम शहरातल्या दुकानात उशीचे अभ्रे होऊन विकलं जातं, आणि तांड्यातल्या नव्या घरात त्रिमितीय धबधब्याचं वॉलपेपर लागतं. दोन्हीकडचे लोक एकमेकांचं घर विकत घेतायत. लॉरी बेकर जुनी दारं, खिडक्या, फुटक्या टाइल्सही नव्या बांधकामात वापरायचे, त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. आपल्याकडे जुनी सागवानी चौकट भंगाराच्या भावात जाते आणि तिच्या जागी फ्लश डोअर येतं, जे दुसऱ्या पावसाळ्यात फुगतं.

शेवटची एक गोष्ट, कारण ती हमखास राहून जाते. संडास-बाथरूम. चकचकीत टाइल्स लावतात, ओल्या झाल्या की काचेसारख्या घसरतात. दारात दोन इंचांचा उंबरा, आत पायरी, बटण दाराबाहेर पण उंच. पंचाहत्तरीच्या आजीनं रात्री दोनला जायचं कसं? खरखरीत फरशी घ्या, पायरी काढून टाका, कमोडच्या बाजूला भिंतीत एक स्टीलची दांडी बसवा. ती भिंतीत पक्की हवी, स्क्रूवर लोंबणारी नको, म्हणून मिस्त्री प्लास्टरला आला असेल तेव्हाच सांगायचं. एकदा टाइल्स लागल्या की ती दांडी कोणी बसवत नाही.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर घेऊ.