स्प्रिंट-नेक्स्टेल: सगळा दोष तंत्रज्ञानाचाच?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी मोठ्या ऐटीत एक स्लाइड दाखवली होती: "दोन विसंगत नेटवर्क्स एकत्र केली म्हणून स्प्रिंट-नेक्स्टेल फसलं." गाईड मॅडमनी शांतपणे विचारलं, "आणि नेटवर्क्स विसंगत असूनही जमलं, अशी केस शोधलीस का?" नव्हती शोधली. म्हणून आज माझ्याच स्लाइडची चिरफाड. हीच गोष्ट तुम्हालाही कुठल्या ना कुठल्या नोट्समध्ये भेटेल.

आधी जे खरं आहे ते. 2005 मध्ये अमेरिकेत स्प्रिंट आणि नेक्स्टेल एक झाल्या, व्यवहार साधारण 35 अब्ज डॉलर्सचा. स्प्रिंटचं नेटवर्क सीडीएमए, नेक्स्टेलचं मोटोरोलाचं आयडेन. सीडीएमएत अनेक जण 1.25 मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात, फक्त प्रत्येकाचा कोड वेगळा. आयडेनमध्ये 25 किलोहर्ट्झचा अरुंद चॅनेल आणि त्यात वेळेचे तुकडे. एकाचा फोन दुसऱ्याच्या टॉवरला ओळखतच नाही. 2008 च्या सुरुवातीला कंपनीने जवळपास 30 अब्ज डॉलर्सचं गुडविल खात्यातून पुसलं. 30 जून 2013 ला आयडेन बंद.

ठीक. पण यातून माझं ते "म्हणून" कसं निघालं?

स्पेक्ट्रम बघा. नेक्स्टेलचे 800 मेगाहर्ट्झमधले चॅनेल पोलीस आणि अग्निशमन दलाच्या चॅनेलांमध्ये विखुरलेले होते. त्यांच्या रेडिओंना त्रास व्हायचा, म्हणून एफसीसीने 2004 मध्येच फेरमांडणीचा आदेश काढला. ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. म्हणजे सगळ्या ग्राहकांना सीडीएमए फोन फुकट वाटले असते, तरी त्या तुकड्यांतून 1.25 मेगाहर्ट्झचा सलग पट्टा लगेच कुठून आणणार? ही अडचण निव्वळ सीडीएमए विरुद्ध आयडेन अशी नाहीच, पण 'विसंगती' या एका शब्दाखाली मी ती गाडून टाकली.

दुसरं, ग्राहक. नेक्स्टेलचे ग्राहक म्हणजे बांधकामवाले, वाहतूकवाले. बटण दाबलं की सेकंदाच्या आत वॉकीटॉकीसारखं बोलणं सुरू. त्या तोडीची म्हणून सीडीएमएवर आणलेली सेवा यायला 2008 उजाडलं. शिवाय दोन मुख्यालयं, एक व्हर्जिनियात, एक कॅन्ससमध्ये. यातल्या कशाचा वाटा किती, हे एकाच केसवरून वेगळं काढता येत नाही.

आता मॅडमची केस. 2013 मध्ये टी-मोबाइल (जीएसएम) आणि मेट्रोपीसीएस (सीडीएमए) एकत्र आल्या. विसंगती तशीच. त्यांनी नेटवर्क्स जोडत बसण्याचा खटाटोप केलाच नाही. ग्राहकांचे फोन बदलले, 2015 मध्ये सीडीएमए बंद केलं आणि मोकळा झालेला स्पेक्ट्रम एलटीईला दिला.

लगेच "सापडलं!" म्हणू नका, मी म्हटलं होतं. मेट्रोपीसीएसचे ग्राहक प्रीपेड, फोन तसेही लवकर बदलणारे. कंपनी बरीच लहान. आणि 2013 मध्ये दोघांनाही जायला एलटीई हे एकच पुढचं ठिकाण तयार होतं. 2005 मध्ये एलटीईचं मानकसुद्धा ठरलेलं नव्हतं. त्यामुळे तुलना चोख नाही. पण प्रश्न मात्र बदलतो: "तंत्रज्ञान वेगळं होतं का?" याऐवजी "जुनं नेटवर्क बंद करायला किती वर्षं लागली, आणि कशामुळे?"

माझ्या स्लाइडवर आता हा प्रश्न आहे. खालची जागा अजून रिकामीच आहे.